व्हिडिओ गेममधील सामाजिक आशय आणि विविधता

गेममधून समाजातल्या एखाद्या प्रश्नाला हात घालणे आणि त्यातल्या पात्रांत, भाषेत, खेळण्याच्या सोयीत निरनिराळ्या माणसांना जागा देणे, या दोन्ही गोष्टी या संज्ञेत येतात. खेळातून शिकवण देणे मराठी मुलखाला नवे नाही. परंपरेने संत ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडलेल्या मोक्षपटात शिड्या सद्गुणांच्या होत्या आणि साप दुर्गुणांचे. आजची सापशिडी त्याच कुळातली.

नाटक-सिनेमात आपण दुसऱ्याचा निर्णय बघतो, गेममध्ये तो आपल्याला घ्यावा लागतो. गेमचे खरे बळ इथे आहे. लुकस पोप यांच्या ‘पेपर्स, प्लीज’ (२०१३) मध्ये खेळणारा सरहद्दीच्या नाक्यावर कागद तपासायला बसतो. एका माणसाचे कागद बरोबर निघतात. जाता जाता तो विनवतो, मागून माझी बायको येतेय, तिला सोडा. तिच्याकडे परवाना नसतो. शिक्का मारला तर चूक नोंदली जाते, आणि अशा चुका वाढल्या की पगार कापला जातो. त्याच पगारात घरच्यांचे जेवण आणि औषध भागवायचे असते. माणुसकीवर भाषण कुठेच नाही, तरी हात शिक्क्यावर अडतो. पोलंडमध्ये तयार झालेला ‘धिस वॉर ऑफ माइन’ (२०१४) वेढा पडलेल्या शहरातल्या साध्या माणसांची गोष्ट सांगतो. शाळांच्या पूरक वाचनाच्या यादीत तो घेण्याचे पोलंड सरकारने २०२० मध्ये जाहीर केले.

विविधता म्हणजे पात्राचा नुसता रंग बदलणे नव्हे. ‘नेव्हर अलोन’ (२०१४) अलास्कातील इन्युपियाट लोकांना बरोबर घेऊन बनवला गेला आणि त्याचे निवेदन त्यांच्याच भाषेत आहे. ‘वेन्बा’ (२०२३) कॅनडात गेलेल्या तमिळ कुटुंबाचा. आईच्या जीर्ण वहीतल्या पाककृतीचे काही भाग पुसलेले असतात आणि इडलीपात्राच्या ताटल्या कशा रचायच्या हे खेळणाऱ्यालाच शोधावे लागते. सांगलीतल्या कोणत्याही स्वयंपाकघरात हे कोडे चटकन सुटेल. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ (२०२०) मध्ये साठाहून अधिक सोयी देऊन दृष्टिहीनांनाही खेळण्याची वाट करून दिली.

पुण्यात बनलेल्या ‘राजी’ (२०२०) ची नायिका सर्कशीत कसरती करणारी मुलगी आहे. तिचे जग राजस्थानी वास्तुशैलीचे. पण भारतीय सर्कशीचे जनक विष्णुपंत छत्रे सांगली जिल्ह्यातल्या अंकलखोपचे, आणि त्यांची सर्कस १८८० मध्ये उभी राहिली. त्या परंपरेवर सांगलीच्या मातीतला गेम व्हायला हवा होता, असे वाटल्याशिवाय राहत नाही.

सांगली जिल्ह्यातच, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथे २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा होतो आणि दीड तास टीव्ही, मोबाइल बंद ठेवले जातात. उपक्रम मोलाचा आहे. मात्र मुले किती वेळ खेळतात याइतकीच ती काय खेळतात याचीही चौकशी व्हायला हवी. सत्यशोधक जलशांनी याच भागात गाण्या-सोंगांतून जातिभेदावर घाव घातला. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांनी तमाशाला लोकनाट्याचे रूप देऊन कष्टकऱ्यांचा प्रश्न फडावर आणला. माध्यम लोकांचे असेल तर विषयही लोकांचा असावा, ही त्यामागची धारणा होती.

अशा गेमसाठी विषयांची वाण नाही. २०१९ चा कृष्णेचा महापूर आहे. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून येणाऱ्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या आहेत. त्यांच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत दोघांनी उसाच्या फडात राहायचे. बाईने आजारपणात एक दिवस अंग टाकले तर खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, लागतो, आणि धाकट्याला सांभाळायला थोरलीची शाळा सुटते. ‘पेपर्स, प्लीज’ मधल्या शिक्क्याइतकाच अवघड निर्णय त्या खोपीत रोज पहाटे घ्यावा लागतो.