लेणं खोदणं आणि उत्खनन करणं

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरीला पोचलं की कुणीतरी विचारतंच, “ही लेणी उत्खननात सापडली का हो?” प्रश्न साहजिक आहे, कारण आपण लेणीही ‘खोदली’ म्हणतो आणि पुरातत्त्वाचे खड्डेही. पण दोन्ही कामांचा क्रम अगदी उलटा असतो.

लेणं म्हणजे अखंड कातळ पोखरून केलेली जागा. कान्हेरीत हे काम जवळजवळ हजार वर्षं चाललं आणि शंभरावर लेणी झाली. कारागीर साधारणपणे छतापासून सुरुवात करून खाली उतरत. पायाखाली कातळ असल्यामुळे परांची बांधायची गरज पडत नसे. म्हणजे छत आधीचं, जमीन शेवटची. पहिल्या क्रमांकाचं लेणं अर्धवट राहिलंय. लोक त्याच्यावरून भरभर पुढे जातात, पण मला ते फार मोलाचं वाटतं, कारण काम कुठवर आलं होतं ते तिथे कळतं. तिरप्या उन्हात भिंतीवरचे छिन्नीचे घावही पाहा.

उत्खननात वरचा थर नवा आणि तळचा जुना. माती, राख, खापरं, पडलेल्या विटा शतकानुशतकं एकमेकांवर साचतात. खणणारा ते थर उलट्या क्रमाने उतरवतो. मधेच घुशीने बीळ केलं असेल तर वरचं खापर खाली जातं, म्हणून मातीचा रंग बदलला की हात थांबवावा लागतो. उतरवलेला थर परत रचता येत नाही. उरतात त्या वस्तू आणि नोंदी.

१८३९ मध्ये जेम्स बर्ड या अभ्यासकाने कान्हेरीतल्या मोठ्या चैत्यगृहासमोरचा (चैत्यगृह म्हणजे आत स्तूप असलेलं प्रार्थनागृह) एक स्तूप उघडला. आत तांब्याचे दोन कलश, राख आणि ताम्रपट मिळाले. त्यातल्या एकावर त्रैकूटक राजघराण्याचं २४५ वं वर्ष आहे, म्हणजे इ. स. ४९४-९५. थर नोंदवत खणण्याची पद्धत तेव्हा रुळलेली नव्हती, त्यामुळे त्याला उत्खनन म्हणताना मी कचरतो. काळ कळला तो ताम्रपट बोलला म्हणून.

वेळ असेल तर ८७ क्रमांकाच्या जागेपर्यंत जाच. वर पुढे झुकलेला कातळ, खाली दिवंगत भिक्षूंसाठी बांधलेल्या विटांच्या स्तूपांचे अवशेष. तिथला विटेचा तुकडाही उचलू नका. तो कुठे पडलाय, यावरूनच पुढचं काही कळणार असतं. १९७५ मध्ये प्राचीन लेखांच्या अभ्यासक शोभना गोखले यांना याच जागी शिलालेख सापडले, आणि त्यांत त्या भिक्षूंची नावं होती.