लाल माती, वाळू आणि अमूर्त : गोव्यातल्या मिश्र माध्यम चित्रांची पार्श्वभूमी

गोव्यातल्या चित्रप्रदर्शनांत हल्ली कॅनव्हासवर रंगासोबत लाल माती, चाळलेली वाळू, सुंभाचे धागे, शिंपल्यांचा चुरा असे बरेच काही भेटते. चित्राखालच्या पट्टीवर ‘मिश्र माध्यम’ लिहिलेले असते आणि विषय पुष्कळदा एखादा प्रवास असतो. पण त्या गावाचे देऊळ, डोंगर, माणसे यांतले काहीच काढलेले नसते. राहतो तो तिथला रंग, पोत आणि उजेड. ओळखू येणारी आकृती नसलेले असे चित्र म्हणजे अमूर्त चित्र.

या रीतीचा इतिहास पॅरिसपासून सांगतात, आणि ते रास्तही आहे. १९१२ साली चित्रकार पिकासोने वेताच्या विणीचा छाप असलेले मेणकापड चित्रात चिकटवले आणि चित्राभोवती चक्क दोरखंड लावला. त्याच सुमारास फ्रेंच चित्रकार ब्राक रंगात वाळू कालवू लागला. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत चित्रकार बुर्रीने गोणपाट शिवून चित्रे केली, स्पेनमध्ये चित्रकार तापिएसने संगमरवराची भुकटी वापरली.

गोव्याची गोष्ट मात्र एवढ्यावर संपवणे मला अन्यायाचे वाटते. इथल्या मातीतूनच चित्र काढण्याची कावी ही कला कोकणपट्टीत फार आधीपासून होती. मोरजीच्या मोरजाई देवळात ती आजही पाहता येते. तिची सामग्री सगळी आसपासची. शिंपले भाजून केलेला चुना, बारीक वाळू आणि गूळ एकत्र कुटून काही दिवस आंबवत ठेवायचे. त्याचा पांढरा गिलावा भिंतीवर चढवायचा आणि त्यावर काव, म्हणजे लाल माती मिसळलेल्या चुन्याचा पातळ थर द्यायचा. तो ओला आहे तोवर कंपास आणि टोकदार सळीने आकृती आखायची आणि नको तिथला लाल थर खरवडून काढायचा. खालचा पांढरा उघडा पडतो आणि चित्र तयार होते. कुंचल्याने रंग भरण्याचा प्रश्नच नाही. जीर्णोद्धाराच्या नावाखाली अशा भिंती पाडून जिथे गुळगुळीत फरशा बसवल्या जातात, तिथे चित्रासोबत हे तंत्रही जाते, याचे मनापासून वाईट वाटते.

तरीही कावीपासून आजच्या अमूर्तापर्यंत सरळ रेघ ओढू नये. कावीत देव आहेत, प्राणी आहेत, वेलबुट्टी आहे. आकृती सोडून देण्याचे धाडस गोमंतकीय चित्रकारांनी गोव्याबाहेर केले. वासुदेव गायतोंडे यांचा जन्म १९२४ चा, नागपूरचा; घराणे गोव्याचे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या गायतोंड्यांनी पुढे आकृती पूर्ण सोडली. त्यांनी माती-वाळू वापरली नाही, तेलरंगच वापरले. पण रोलरने थर चढवायचे, सुरीने खरवडायचे, खालचा उजेड वर येऊ द्यायचा, ही त्यांची पद्धत पाहताना मला कावीची भिंत आठवल्यावाचून राहत नाही. बांदोड्याच्या प्रफुल्ला डहाणूकरही जे. जे. च्याच. त्यांच्या निसर्गचित्रांत निसर्ग ओळखू येत नाही, जाणवतो. मडगावचे लक्ष्मण पै पॅरिसमध्ये दहा वर्षे राहून परतले आणि १९७७ ते १९८७ या काळात गोवा कला महाविद्यालयाचे प्राचार्य होते. बाहेर पाहिलेले जग त्यांच्यासोबत इथल्या वर्गात आले.

प्रवासाने चित्र कसे बदलते, याचे भारतातले ठळक उदाहरण चित्रकार रामकुमार यांचे. १९६० च्या सुमारास ते चित्रकार एम. एफ. हुसेन यांच्याबरोबर बनारसला गेले. तोवर त्यांच्या चित्रांत शहरातली उदास माणसे असत. बनारसनंतर माणसे हळूहळू नाहीशी झाली, घाट आणि घरे रंगांच्या पट्ट्यांत विरघळली. प्रवासावर अमूर्त चित्र काढणाऱ्या प्रत्येकाने ही चित्रे बघावीत असे मी आग्रहाने सांगेन.

गोव्यात निसर्गातली वस्तू थेट कलाकृतीत आणण्याला ठसठशीत रूप दिले ते सुबोध केरकर यांनी. डॉक्टरकी सोडून ते कलेकडे वळले आणि समुद्रकिनारा, शिंपले, होड्या हेच त्यांचे माध्यम झाले. २०१५ साली त्यांनी पिळर्णला ‘म्युझियम ऑफ गोवा’ सुरू केले. कॅनव्हासवर शिंपला चिकटवणाऱ्या तरुण चित्रकाराला आता नमुना पाहायला परदेशी जावे लागत नाही.

अडचण येते ती पावसाळ्यात. किनाऱ्यावरची वाळू न धुता वापरली, तर तिच्यातले मीठ हवेतला ओलावा ओढते आणि चित्रावर पांढरी पूड फुटते. पाने आणि काथ्या यांना बुरशी धरते. जाड थराच्या वजनाने कॅनव्हास झोळ देतो आणि माती तडकते. म्हणून वाळू गोड्या पाण्यात अनेकदा धुऊन उन्हात खडखडीत वाळवावी, माती वस्त्रगाळ करून ॲक्रिलिकच्या माध्यमात, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या चिकट द्रवात, कालवावी आणि थर जाड द्यायचा असेल तर कॅनव्हासऐवजी प्लायवूडची फळी घ्यावी. वाळवलेली पाने लावायचीच असतील, तर ती पावसाआधी, मे महिन्यातच चिकटवून ओलावा शिरणार नाही अशी दोन्ही बाजूंनी बंद करून टाकावीत.