जावळातला पारा

बाळाचं जावळ काढलं की पहिल्या केसांची एखादी बट कागदाच्या पुडीत घालून कपाटात जपून ठेवणाऱ्या आया आपल्याकडे पुष्कळ आहेत. अमेरिकेतल्या आयाही तेच करतात. २००३ साली अशाच जपून ठेवलेल्या बटांवर एक संशोधन प्रसिद्ध झालं. ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या ९४ मुलांचे आणि ऑटिझम नसलेल्या ४५ मुलांचे पहिले केस तपासून त्यांतला पारा मोजला होता. लसींमधल्या पाऱ्याच्या संयुगामुळे ऑटिझम होतो, असं मानणाऱ्या पालकांची त्या काळात तिथे मोठी चळवळ होती. त्यामुळे ऑटिझमच्या मुलांच्या केसांत पारा जास्त सापडेल, अशीच सगळ्यांची अपेक्षा असणार.

निघालं उलटंच. ऑटिझम नसलेल्या मुलांच्या केसांत सरासरी ३.६३ पीपीएम पारा होता, तर ऑटिझम असलेल्यांच्या केसांत जेमतेम ०.४७. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग.

संशोधकांनी यावरून अर्थ काढला तो असा: या मुलांचं शरीर पारा बाहेर टाकू शकत नाही, म्हणून तो केसांत उतरला नाही आणि आत, मेंदूत, साचून राहिला. एका दमात वाचलं तर पटतंही. पण पुढच्या काही वर्षांत दुसऱ्या काही अभ्यासांत ऑटिझमच्या मुलांच्या केसांत जड धातू जास्त सापडले, आणि तेव्हा अर्थ लावला गेला तो सरळ: बघा, विषबाधा आहे! २००४ साली हाँगकाँगच्या डॉक्टरांना दोन्ही गटांत, केसांत आणि रक्तात, काहीच फरक आढळला नाही. पण अर्थ लावणाऱ्यांच्या लेखी पारा जास्त दिसला तरी विषबाधा, कमी दिसला तरी विषबाधा. मग या मुलाला विषबाधा नाही, असं कोणता आकडा सांगणार होता? जी चाचणी कधी ‘नाही’ म्हणूच शकत नाही, तिचं ‘हो’ कशाच्या आधारावर मानायचं?

त्या २००३ च्या आकड्यांत आणखी एक गोष्ट दडलेली होती. अमेरिकेत १९९९-२००० मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीत एक ते पाच वर्षांच्या ८३८ मुलांचे केस तपासले होते. त्यांतल्या पाऱ्याची सरासरी होती सुमारे ०.२२ पीपीएम. म्हणजे ऑटिझमच्या गटाचा ०.४७ हा आकडा साधारण चारचौघांसारखाच होता. जगावेगळा होता तो ‘निरोगी’ गटाचा ३.६३.

हे सगळं वाचून केसांची तपासणी म्हणजे निव्वळ थोतांड, असं कुणी म्हणालं तर तेही मला मान्य नाही. केसांत धातू खरोखरच साठतात, आणि का साठतात हे रसायनशास्त्राला नीट ठाऊक आहे. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो आणि त्या प्रथिनात सिस्टीन या गंधकयुक्त अमिनो आम्लाची रेलचेल असते. (केस जळताना येणारा तो उग्र वास या गंधकाचाच.) पारा आणि गंधक यांची ओढ आपल्या रसशास्त्राच्या वैद्यांना शतकानुशतकं माहीत आहे. खलात पारद आणि गंधक एकत्र घोटत राहिलं की काळीभोर कज्जली तयार होते आणि चमकता, पळता पारा दिसेनासा होतो. केसाच्या मुळाशी रक्तातून आलेला पारा असाच गंधकाला धरून बसतो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि एकदा कातडीबाहेर आला की त्याचा रक्ताशी संबंध तुटतो. त्यामुळे लांब केस म्हणजे गेल्या महिन्यांची रोजनिशीच, मुळाजवळ ताजी नोंद आणि टोकाला जुनी.

ही रोजनिशी वाचून एका भीषण घटनेचा उलगडा झाला आहे. १९७१ च्या शरद ऋतूत, दुष्काळानं गांजलेल्या इराकमध्ये पेरणीसाठी परदेशातून गहू आणि बार्ली आली. बियाण्याला बुरशी लागू नये म्हणून मिथाइल पाऱ्याचं औषध चोळलेलं होतं आणि ते ओळखू यावं म्हणून दाण्यांना तांबूस रंगही दिला होता. धोक्याची सूचना पोत्यांवर होती, पण शेतकऱ्यांना वाचता न येणाऱ्या भाषांत. घरात खायला दाणा नव्हता. लोकांनी बियाणं धुतलं, रंग निघून गेला, रंगाबरोबर विषही गेलं असं त्यांना वाटलं आणि त्यांनी त्याच्या भाकऱ्या भाजल्या. ६,५३० माणसं इस्पितळात दाखल झाली, त्यांतली ४५९ दगावली. पुढे शास्त्रज्ञांनी गरोदरपणात त्या भाकऱ्या खाल्लेल्या बायकांचे लांब केस घेतले, त्यांचे सेंटिमीटर-सेंटिमीटरचे तुकडे केले आणि कोणत्या महिन्यात आईच्या अंगात किती पारा होता, हे मांडलं. त्या आकड्यांशी बाळांच्या मेंदूला झालेली इजा ताडून पाहता आली. सेशेल्स आणि फेरो बेटांवर, जिथे ताटात समुद्रातलं अन्न असतं, तिथल्या पुढच्या दीर्घ अभ्यासांतही आयांचे केस तपासले गेले.

पण इथे काय जुळून आलं होतं ते पाहा. धातू एकच. त्याचा प्रकारही ठरलेला, मिथाइल पारा, जो केसांत हमखास उतरतो. तो कुठून आला हे माहीत. केस कसे कापायचे, कसे धुवायचे, कशाशी ताडायचे हे ठरवून घेतलेलं. आणि प्रश्न होता अनेक माणसांच्या समूहाचा. स्वमग्न मुलाच्या मानेमागचे चिमूटभर केस लिफाफ्यात घालून खासगी प्रयोगशाळेला पाठवले आणि तीस-चाळीस मूलद्रव्यांचा रंगीत तक्ता घरी आला, तर यातलं काहीच लागू राहत नाही.

तो तक्ता मी पाहिला आहे, आणि तो हातात धरलेल्या आईचा चेहराही. हिरवे, पिवळे, लाल पट्टे. शिसं लाल, ॲल्युमिनियम लाल, जस्त पिवळं. दोन वर्षं ‘काय झालंय माझ्या लेकराला’ या प्रश्नाचं उत्तर शोधणाऱ्या माणसाला तो कागद पहिल्यांदाच काहीतरी ठोस सांगतो. म्हणून त्यातल्या लाल पट्ट्यांचा हिशेब आधी सांगतो. ‘सामान्य’ मर्यादा बहुधा अशी ठरवतात की निरोगी माणसांपैकी शंभरातले पंच्याण्णव तिच्या आत बसावेत. म्हणजे धडधाकट माणूसही प्रत्येक मोजणीत शंभरात पाच वेळा ‘बाहेर’ जाणार. मूलद्रव्यं चाळीस असतील आणि प्रत्येकाचा आकडा स्वतंत्र मानला, तर एकही पट्टा लाल न येण्याची शक्यता शंभरात फक्त तेरा. उरलेल्या सत्त्याऐंशी निरोगी मुलांच्या कागदावर कुठे ना कुठे लाल दिसणारच.

शिवाय केस उघड्यावर असतो. धूळ, धूर, नळाचं किंवा बोअरचं पाणी, सगळं त्याला चिकटतं. कोंड्याच्या काही शॅम्पूंमध्ये सेलेनियम किंवा जस्ताची संयुगं असतात, ते वापरणाऱ्याच्या केसांत तीच मूलद्रव्यं वाढलेली दिसतात. आतून आलेलं कोणतं आणि बाहेरून चिकटलेलं कोणतं, हे धुऊन खात्रीनं वेगळं करता येत नाही, कारण जोरात धुतलं तर आतलंही निघून जातं.

प्रयोगशाळांची परीक्षा २००१ साली कॅलिफोर्नियाच्या आरोग्य खात्यातल्या संशोधकांनी घेतली. एकाच निरोगी व्यक्तीच्या डोक्यावरचे केस घेऊन, त्यांचे सारखे भाग करून, अमेरिकेतल्या सहा व्यापारी प्रयोगशाळांना पाठवले. देशातल्या अशा बहुतेक तपासण्या याच सहा ठिकाणी होत होत्या. बारा मूलद्रव्यांच्या बाबतीत सर्वांत मोठा आकडा सर्वांत लहान आकड्याच्या दहा पटींहूनही जास्त निघाला. माणूस एक, डोकं एक, आणि प्रयोगशाळांनी दिलेले आहाराचे सल्लेही एकमेकांच्या विरुद्ध. त्याच वर्षी अमेरिकी सरकारच्या विषारी द्रव्यांवरच्या संस्थेनं अटलांटात तज्ज्ञ बसवले. बहुतेक द्रव्यांच्या बाबतीत केसांतल्या आकड्यावरून आरोग्यावर काय परिणाम होईल हे सांगण्याइतकी माहितीच नाही, असं त्यांचं मत पडलं.

आपल्या देशातलं उदाहरण पंजाबातल्या फरीदकोटचं. तिथल्या विशेष मुलांच्या एका केंद्रातल्या मुलांचे केस जर्मनीतल्या प्रयोगशाळेत गेले आणि २००९ मध्ये बातमी आली की त्यांत युरेनियम जास्त आहे. औष्णिक वीजकेंद्रांच्या राखेपासून दूरच्या युद्धांपर्यंत सगळ्यांवर बोट ठेवलं गेलं. पंजाबातल्या अनेक भागांत भूजलात युरेनियम आहे, ही गोष्ट खरी आहे आणि गंभीरही आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ३० मायक्रोग्रॅमची, तिथल्या कितीतरी कूपनलिका ती ओलांडतात. पण त्या पाण्यानं मूल रोज अंघोळही करतं. केसांतल्या आकड्यावरून ‘या पाण्यात युरेनियम आहे का’ हे कदाचित कळेल. ‘या युरेनियममुळे या मुलाला ऑटिझम झाला का’ हे त्यावरून कळत नाही. तो प्रश्न सोडवायला पाणी तपासावं लागतं, लघवी तपासावी लागते, आणि त्याच गावातली, तेच पाणी पिणारी, अपंगत्व नसलेली मुलंही तपासावी लागतात.

एवढंच असतं तर पाच-दहा हजार रुपये पाण्यात गेले म्हणून सोडून देता आलं असतं. मला भीती वाटते ती पुढच्या पायरीची. लाल पट्टे दाखवून ‘धातू बाहेर काढू’ म्हटलं जातं. त्याला चिलेशन म्हणतात: रक्तातल्या धातूला पकडून लघवीवाटे बाहेर नेणारं औषध. कधी त्याआधी आणखी एक चाचणी होते. मुलाला ते औषध देऊन मग लघवी गोळा करतात आणि औषध न घेतलेल्या माणसांच्या आकड्यांशी तिची तुलना करतात. विहिरीत उतरून तळाचा गाळ ढवळायचा, आणि वर आलेलं गढूळ पाणी दाखवून विहीर नासली म्हणायचं, तशातला हा प्रकार. थोडेफार धातू प्रत्येकाच्या अंगात असतात, औषध दिलं की ते कुणाच्याही लघवीत वाढणारच. अमेरिकेतल्या विषवैद्यकाच्या डॉक्टरांच्या संघटनेनं या चाचणीला कोणताही शास्त्रीय आधार नाही, असं स्पष्ट म्हटलं आहे.

ऑगस्ट २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियात ऑटिझम असलेला पाच वर्षांचा एक मुलगा अशा चिलेशनच्या सलाइननंतर दगावला. शिरेतून दिलेल्या औषधानं रक्तातलं कॅल्शियम इतकं खाली आणलं की त्याचं हृदय बंद पडलं. त्या औषधाची दोन रूपं आहेत. शिशाच्या विषबाधेत मुलांना द्यायचं ते कॅल्शियम घातलेलं, आणि त्या मुलाला दिलं गेलं ते कॅल्शियम नसलेलं. नावात फरक एका शब्दाचा.

तोंडानं घ्यायची गोळी तरी निर्धोक आहे का? अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेनं ऑटिझमच्या मुलांवर तिचा रीतसर प्रयोग करायचं ठरवलं होतं. त्यात कॉर्नेल विद्यापीठात उंदरांवर झालेला प्रयोग २००७ मध्ये समोर आला. शिसं दिलेल्या उंदरांना त्या औषधानं फायदा झाला, पण शिसं न दिलेल्या उंदरांच्या शिकण्यावर आणि वागण्यावर कायमचा वाईट परिणाम झाला. २००८ मध्ये संस्थेनं तो प्रयोग सोडून दिला. विषबाधा नसलेल्या मुलाला विषावरचा उतारा देणं म्हणजे त्याच्या वाढत्या मेंदूशी जुगार आहे, हे मी अगदी कळकळीनं सांगतो आहे.

ऑटिझमच्या मुळाशी बरंचसं आनुवंशिक आहे. पाच देशांतल्या सुमारे वीस लाख मुलांवर आधारलेल्या २०१९ च्या अभ्यासात आनुवंशिकतेचा वाटा ऐंशी टक्क्यांच्या आसपास निघाला. आईवडिलांनी काही चुकवलं म्हणून हे झालेलं नसतं.

आणि तरीही धातूंची काळजी करणाऱ्या पालकांना मी वेड्यात काढणार नाही, कारण शिशाची भीती आपल्या देशात खरी आहे. युनिसेफनं २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात भारतातल्या सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात शिसं डेसिलीटरला ५ मायक्रोग्रॅमहून जास्त असल्याचा अंदाज आहे. जुन्या बॅटऱ्या उघड्यावर वितळवणाऱ्या भट्ट्या, जुन्या रंगाचे पोपडे, काही सुरमे, शेंदूर, काही रसौषधी, भेसळीचे मसाले, सगळीकडून ते येतं. ऑटिझम असलेली पुष्कळ मुलं वस्तू तोंडात घालतात, माती, खडू, भिंतीचा रंग खातात, आणि ही सवय इतर मुलांपेक्षा जास्त वर्षं टिकते. म्हणून त्यांच्या अंगात शिसं जाण्याचा धोका खरोखर अधिक. शिसं ऑटिझमचं कारण म्हणून नव्हे, तर शिसं बुद्धीला मारक म्हणून ते शोधायला हवं.

ते शोधायचं रक्तात. शिरेतून घेतलेल्या रक्ताची ‘ब्लड लेड’ तपासणी बालरोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीवर मोठ्या लॅबमध्ये होते. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबात आकडा जास्त आला तर शिरेतलं रक्त पुन्हा तपासून घ्यावं, कारण बोटाच्या कातडीवरचं शिसं त्यात मिसळतं. अमेरिकेत ३.५ मायक्रोग्रॅमच्या वर गेलं की घरात स्रोत शोधायला लागतात. चिलेशनचा विचार साधारण ४५ च्या पुढे, तोही रुग्णालयात. मधल्या मुलांचा उपचार म्हणजे शिसं जिथून येतं ती वाट बंद करणं आणि अंगात लोह कमी असेल तर ते भरून काढणं, कारण लोह कमी असलं की आतडं शिसं जास्त शोषून घेतं. काही महिन्यांनी तपासणी पुन्हा करायची.

वाट बंद करणं म्हणजे काय, हे बांगलादेशात दिसलं. खेड्यातल्या गरोदर बायकांच्या रक्तात शिसं का आहे, याचा माग काढता काढता संशोधक हळदीपाशी पोचले. हळकुंडांना पिवळाधमक रंग यावा म्हणून व्यापारी त्यांना शिशाचा क्रोमेट चोळत होते. सरकारनं बाजारात धाडी घातल्या, वर्तमानपत्रांत सूचना दिल्या. २०१९ मध्ये बाजारातल्या हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं सापडत होतं, २०२१ मध्ये एकाही नमुन्यात सापडलं नाही, आणि हळदीच्या गिरण्यांतल्या कामगारांच्या रक्तातलं शिसं जवळजवळ तीस टक्क्यांनी उतरलं.