गावाकडची पोरं आणि मनिलाची म्युझियम ट्रिप: हे सगळं आलं कुठून
फिलिपिन्समधे शाळांची लाकबाय-आराल म्हणजे शैक्षणिक सहल जोरात असते, प्रांतातल्या गावांमधली पोरं पहाटे अंधारात बसमधे बसतात आणि राजधानी मनिलाला राष्ट्रीय म्युझियम बघायला जातात. पण मागे जाऊन बघितलं तर हे म्युझियम गावातल्या लोकांसाठी काढलंच नव्हतं, त्यांच्याबद्दल काढलं होतं.

साल १९०१. अमेरिकन येऊन ३ वर्षं झालेली, फिलिपिनो लोकांशी त्यांची लढाई अजून चालूच. ऑगस्टमधे थॉमस नावाच्या जहाजातून पाचेकशे अमेरिकन मास्तर उतरले, इंग्रजीतून सरकारी शाळा चालवायला, आणि ऑक्टोबरमधे सरकारने म्युझियम काढलं, मानववंश, निसर्ग आणि व्यापार अशा तिन्हीचं मिळून. व्यापार कशाला, तर कुठल्या बेटावर काय मिळतं, कोण राहतं हे नव्या मालकांना कळायला हवं होतं ना. १९०४ला तर सेंट लुइसच्या प्रदर्शनात हजारच्या वर जिवंत फिलिपिनो माणसंच नेऊन ठेवली, डोंगरातले इगोरोत लोक बघायला तिकडे गर्दी. म्हणजे शाळा आणि म्युझियम एकाच वर्षाची, पण गावातलं पोरगं म्युझियमच्या दारात यायला कितीतरी काळ गेला. मधे १९४५च्या लढाईत मनिला बेचिराख झालं, म्युझियमचाही बराच संग्रह त्यात गेला.

खास मुलांसाठीचं म्युझियम, मुसेओ पाम्बाता, १९९४ला आलं, रोहास बुलेवार्डवरच्या जुन्या एल्क्स क्लबच्या इमारतीत, तिथे वस्तूंना हात लावून बघता येतं. राष्ट्रीय म्युझियमला १९९८च्या कायद्याने जुन्या सरकारी इमारती मिळाल्या, आणि २०१६ पासून प्रवेश सगळ्यांना फुकट. माझ्या मते खरा फरक इथे पडला, कारण बस आणि जेवणाचे पैसे काढतानाच घरच्यांची दमछाक होते. अर्थात ट्रिपच्या नावाखाली मॉल आणि टीव्हीवरचे दुपारचे शोसुद्धा उरकले जायचे, शेवटी शिक्षण खात्याला ते नको म्हणून लिहून द्यावं लागलं. आणि २०१७च्या फेब्रुवारीत मनिलाजवळच्या तानायला कॉलेजच्या मुलांची बस खांबावर आदळून १५ जण गेले, तेव्हा ट्रिपा काही काळ बंदच केल्या, मग नव्या नियमांनी परत सुरू.

२०१८ला राष्ट्रीय म्युझियमचाच भाग असलेलं नैसर्गिक इतिहासाचं म्युझियम उघडलं. तिथे पोरं आधी लोलोंगला शोधतात. ही ६.१७ मीटरची मगर, २०११ला दक्षिणेकडच्या आगुसान भागातल्या बुनावानमधे पकडलेली, २०१३ला मेली. म्हणजे तीही गावाकडचीच. त्याच आगुसानमधे १९१७ला सापडलेली सोन्याची मूर्ती मात्र शिकागोला आहे, मनिलालाही नाही. आपल्यासारख्यांनी बघायची वस्तू वेगळीच, मानवशास्त्राच्या म्युझियममधला लगुनाचा ताम्रपट. त्यावर चक्क शके ८२२, वैशाख वद्य चतुर्थी, म्हणजे इ.स. ९०० (पंचांगवाल्यांनी नोंद घ्यावी)!

आता इफुगावमधे कियांगानला, इलोइलोला जुन्या तुरुंगात, २०२३ पासून सेबूलाही राष्ट्रीय म्युझियमच्या शाखा आहेत. ७,६४१ बेटांच्या देशात हे खूप आधी व्हायला हवं होतं, दरवेळी समुद्र ओलांडून राजधानीत कशाला यायचं. पण चित्रकार हुआन लूनाचं स्पोलियारियम, पावणेआठ मीटर लांबीचं चित्र, ते काही मनिलातून हलत नाही, म्हणून लूझोन बेटावरच्या शाळांच्या बसा तिकडेच वळतात, आणि वेळ उरला तर ओशन पार्क हे मत्स्यालयही होतंच.