साखरेच्या पाण्याने मित्रकीटक लांबून येतात का?

‘साखरेचं पाणी फवारा, मित्रकीटक लांबून धावत येतील आणि मावा संपेल’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. मित्रकीटक म्हणजे पिकावरची कीड खाणारे कीटक, आणि मावा म्हणजे पिकाचा रस शोषणारी बारीक कीड. हा सल्ला अर्धाच खरा आहे.

साखरेला लांबवर पोचेल असा वास जवळजवळ नसतो. पिकात आधीच आलेला ढालकिडा (लेडीबर्ड) किंवा क्रायसोपा (जाळीदार पंखांचा हिरवा मित्रकीटक) ती चाखतो आणि तिथे रेंगाळतो, एवढंच. कॅलिफोर्नियात कीटकशास्त्रज्ञ केनेथ हेगन यांनी १९७०च्या दशकात क्रायसोपावर काम केलं. त्यातून दिसलं की त्याला ओढून आणतो तो ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाच्या विघटनातून सुटणारा वास. माव्याच्या चिकट गोड स्रावात ट्रिप्टोफॅन असतं. म्हणून अशा फवारणीत साखरेसोबत यीस्टसारखं प्रथिनही घालतात. त्याच प्रथिनावर मादी भरपूर अंडी घालते, आणि मावा फस्त करतात त्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या. त्याला काही दिवस लागतात, तेवढा धीर धरावाच लागतो.

परिसरात मित्रकीटकच नसतील तर फवारणी ते निर्माण करणार नाही. हे खाद्य कीटकनाशकात मिसळणं तर घातकच, कारण आपणच बोलावलेले पाहुणे मरतात. साखर जास्त झाली की पानांवर काळी बुरशी वाढते. शिवाय गोडाला मुंग्याही येतात, आणि माव्याची राखण करणाऱ्या त्याच!