भारतात आश्रय मागायचा असेल तर: अर्ज कुठे, कागद कोणते, हक्क कोणते

समजा, येमेनचा एक मुलगा पुण्यात बी.कॉम. करायला आला. विद्यार्थी व्हिसा, वैध पासपोर्ट, फी भरलेली, सगळे रीतसर. दुसऱ्या वर्षात असताना गावाचा ताबा दुसऱ्या गटाने घेतला, वडिलांना उचलून नेले आणि आईने फोनवर एवढेच सांगितले की परत येऊ नकोस. पदवी झाली, व्हिसा संपत आला. आता याने काय करायचे? घरमालक विचारतो, कॉलेजचे ऑफिस विचारते, आणि नेमके उत्तर आजूबाजूच्या कुणालाच ठाऊक नसते.

पुण्यात अफगाणिस्तान, येमेन, सुदान, इराण अशा देशांतली मुले वर्षानुवर्षे शिकत आली आहेत. १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल तालिबानच्या हाती गेले, तेव्हा इथल्या अफगाण विद्यार्थ्यांवर एका दिवसात हीच वेळ आली. अशा मुलांचे शिक्षक, घरमालक, शेजारी आणि वकील यांच्यासाठी ही माहिती लिहितो आहे, कारण अडचणीत सापडलेला माणूस सगळ्यात आधी यांच्याकडेच येतो.

आधी कायद्याची स्थिती

निर्वासितांबाबतचा १९५१ चा आंतरराष्ट्रीय करार आणि त्याला जोडलेला १९६७ चा प्रोटोकॉल म्हणजे पूरक करार, या दोहोंवर भारताची सही नाही. निर्वासितांसाठी वेगळा कायदाही आपल्याकडे नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांबाबतचे जुने कायदे जाऊन ‘इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अॅक्ट, २०२५’ लागू झाला. त्यातही ‘निर्वासित’ अशी वेगळी व्याख्या नाही. या कायद्याच्या नजरेत माणूस परदेशी असतो, आणि त्याच्याकडे वैध कागद असतात किंवा नसतात. वैध पासपोर्ट-व्हिसाशिवाय देशात शिरल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. व्हिसा संपूनही राहिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

म्हणून दोन दारे वेगवेगळी ओळखावी लागतात. एक संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्त कार्यालयाचे, म्हणजे युएनएचसीआरचे, जे दिल्लीतून काम करते. दुसरे भारत सरकारचे, म्हणजे एफआरआरओ अर्थात परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाचे. पहिल्या दारात ओळख मिळते, दुसऱ्या दारात राहण्याची परवानगी. युएनएचसीआरचे कार्ड हातात आले की व्हिसाचा प्रश्न सुटला, या समजुतीने अनेकांचे फार नुकसान होते. दिल्लीहून उत्तर येण्याची वाट पाहत व्हिसा संपू देऊ नका. मुदत संपण्याआधीच ई-एफआरआरओ पोर्टलवर मुदतवाढीचा अर्ज टाका आणि त्याची पोच जपून ठेवा.

युएनएचसीआरकडे कोण जाऊ शकते

सगळेच निर्वासित या दाराने जात नाहीत. तिबेटी आणि श्रीलंकेतले तमिळ यांची व्यवस्था सरकार थेट पाहते. आपल्या गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ नोर्गेलिंग ही तिबेटी वसाहत १९७२ पासून आहे. तिथल्या लोकांकडे नोंदणी प्रमाणपत्र असते, त्याचे वेळोवेळी नूतनीकरण होते, आणि परदेश प्रवासासाठी वेगळे ओळख प्रमाणपत्र मिळते. युएनएचसीआर मुख्यतः अफगाणिस्तान आणि म्यानमारमधून, तसेच आपल्या शेजारी नसलेल्या देशांतून आलेल्यांची नोंद करते.

निकष असा: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाशी असलेले नाते किंवा राजकीय मत यांमुळे मायदेशी छळ होईल अशी साधार भीती, आणि तिथले सरकार संरक्षण देऊ शकत नाही किंवा देऊ इच्छित नाही. युद्ध आणि सर्वत्र माजलेल्या हिंसेमुळे जिवाला धोका असेल तर तोही विचारात घेतला जातो. केवळ चांगल्या नोकरीसाठी किंवा गरिबीमुळे देश सोडला असेल तर या व्याख्येत बसत नाही. युद्धगुन्ह्यांसारखी गंभीर कृत्ये केलेल्यांना वगळले जाते.

वरच्या मुलाचा प्रश्न इथे सुटतो. भीती मायदेश सोडण्याच्या क्षणीच असली पाहिजे, असे नाही. शिकायला आला आणि मागे परिस्थिती बदलली, तरी तो अर्ज करू शकतो. विद्यार्थी व्हिसावर आल्यामुळे त्याचा हक्क जात नाही.

नोंदणी

नोंदणीची विनंती युएनएचसीआरच्या भारतासाठीच्या मदत-संकेतस्थळावरून करता येते. मग मुलाखतीची तारीख येते. त्या दिवशी कुटुंबातल्या प्रत्येकाने हजर राहायचे असते, अगदी तान्ह्या बाळानेही, कारण प्रत्येकाची वेगळी नोंद होते. फोटो, बोटांचे ठसे आणि डोळ्यांचे स्कॅन घेतात. नाव, जन्मतारीख, धर्म, जमात, भारतात कसे आलात, परत का जाऊ शकत नाही, असे प्राथमिक प्रश्न विचारतात.

सोबत काय न्यायचे? पासपोर्ट असेल तर पासपोर्ट. अफगाण असाल तर तझकिरा, म्हणजे तिथले ओळखपत्र, म्यानमारचे असाल तर कुटुंबाच्या नोंदीचा कागद. लग्नाचा आणि मुलांच्या जन्माचा दाखला, शाळा-कॉलेजची प्रमाणपत्रे, नोकरीचे ओळखपत्र, दवाखान्याचे कागद, आणि धमकीचे पत्र, फोटो, पोलिसांतली तक्रार असे काही असेल तर तेही. मूळ कागद आणि त्यांच्या झेरॉक्स दोन्ही न्याव्यात. यातले काहीच नसले तरी नोंदणी थांबत नाही. रात्रीत घर सोडलेल्या माणसाकडे फाईल नसते, हे ते कार्यालय जाणून आहे. पण नसलेला कागद कधीही ‘तयार’ करून घेऊ नका. एक खोटा कागद दहा खऱ्या गोष्टींवरचा विश्वास घालवतो, आणि बनावट कागदपत्रांसाठी नव्या कायद्यात दोन ते सात वर्षांची कैद आहे.

दुभाषा मोफत मिळतो. बाईला बाई अधिकारी आणि बाई दुभाषीच हवी असेल तर तसे आधी सांगावे. सांगितलेली माहिती तुमच्या देशाच्या सरकारकडे किंवा दूतावासाकडे जात नाही.

नोंदणी झाली की ‘अर्ज विचाराधीन’ असल्याचे प्रमाणपत्र मिळते. तुम्ही आता आश्रय मागणारे आहात, अजून मान्यताप्राप्त निर्वासित नाही. हा कागद मुदतीचा असतो, त्यामुळे नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. पत्ता किंवा फोन बदलला, मूल झाले, लग्न झाले, नवरा-बायको वेगळे राहू लागले, तर लगेच कळवा. पुढच्या मुलाखतीचा निरोप जुन्या नंबरवर गेला तर फाईल बंद पडण्याची वेळ येऊ शकते.

खरी कसोटी: दुसरी मुलाखत

निर्वासित म्हणून मान्यता द्यायची की नाही, हे ठरवणारी मुलाखत वेगळी असते. ती काही तास चालू शकते आणि तिच्यासाठी महिनोन्‌महिने थांबावे लागते. नवरा-बायकोला बहुधा वेगवेगळे बोलावतात. बायकोची स्वतःची वेगळी भीती असू शकते, आणि नवऱ्यासमोर ती ओठांवर येत नाही.

या मुलाखतीबद्दल मला सगळ्यात जास्त सांगावेसे वाटते. ओळखीचे लोक ‘अशी गोष्ट सांग, म्हणजे पास होशील’ असा सल्ला देतात. त्या सल्ल्याने खरे पीडित लोक मागे राहतात. उसनी गोष्ट तपशिलात फाटते. स्वतःचीच गोष्ट सांगा, घडली तशा क्रमाने. तारीख आठवत नसेल तर ‘ईदनंतर दोन-तीन आठवड्यांनी’, ‘मोठा मुलगा चौथीत होता तेव्हा’ असे सांगितले तरी चालते. अंदाजाने तारीख ठोकून देऊ नका. ‘आमच्याकडे युद्ध आहे’ एवढ्यावर थांबू नका. तुमच्या घरी कोण आले, काय म्हणाले, तुम्हालाच का निवडले, देशातल्या देशात दुसरीकडे जाऊन का भागले नसते, हे सांगा. दुभाषाचे बोलणे कळत नसेल तर तिथेच सांगा, बाहेर आल्यावर सांगून उपयोग नाही. छळाबद्दल बोलताना रडू आले, थांबावेसे वाटले, तर विश्रांती मागता येते.

निर्णय बाजूने लागला तर निर्वासित कार्ड मिळते. नकार आला तर कारणे लेखी मिळतात आणि ३० दिवसांत लेखी अपील करता येते. अपील पहिला निर्णय देणारा अधिकारी पाहत नाही, दुसरा पाहतो. अपिलात ‘माझ्यावर अन्याय झाला’ असे मोघम लिहू नका. नकाराच्या पत्रातला एकेक मुद्दा घेऊन उत्तर द्या.

सरकारी दार: दीर्घ मुदतीचा व्हिसा

२९ डिसेंबर २०११ रोजी गृहमंत्रालयाने निर्वासित असल्याचा दावा करणाऱ्या परदेशी नागरिकांसाठी कार्यपद्धती ठरवून दिली, आणि २०१९ मध्ये ती सुधारली. त्यानुसार वंश, धर्म, लिंग, राष्ट्रीयत्व, वांशिक ओळख, सामाजिक गट किंवा राजकीय मतामुळे छळाची भीती प्रथमदर्शनी खरी वाटली, तर सुरक्षा पडताळणीनंतर राज्य सरकार दीर्घ मुदतीच्या व्हिसाची, म्हणजे एलटीव्हीची, शिफारस करू शकते. निर्णय गृहमंत्रालयाचा. युएनएचसीआरचे कार्ड आहे म्हणून एलटीव्ही मिळेलच असे नाही, पण अर्जाला ते बळ देते.

एलटीव्हीचे मोल मोठे आहे. तो असला की खासगी क्षेत्रात नोकरी करता येते आणि शिक्षण घेता येते. अर्ज ई-एफआरआरओ पोर्टलवर करायचा. मुंबईत एफआरआरओ आहे, पुण्यात पोलीस आयुक्तालयातला परदेशी नागरिक नोंदणी विभाग, आणि इतर जिल्ह्यांत पोलीस अधीक्षक हेच नोंदणी अधिकारी असतात. पासपोर्ट व व्हिसाची प्रत, फोटो, भाडेकरार किंवा वीजबिल, युएनएचसीआरचे कागद आणि मायदेशी परत का जाता येत नाही याचे लेखी निवेदन जोडावे. विद्यार्थी असेल तर कॉलेजचे बोनाफाईडही.

घरमालकांनो, इथे तुमचीही जबाबदारी येते. परदेशी भाडेकरू आला की २४ तासांत त्याची ऑनलाइन माहिती द्यावी लागते. आजवर आपण तिला ‘सी फॉर्म’ म्हणत आलो. ती न दिल्यास तुम्ही अडचणीत येताच, शिवाय भाडेकरूकडे पत्त्याचा पुरावा राहत नाही आणि त्याचा अर्ज अडतो.

उल्हासनगर, जळगाव, नागपूर इथे पाकिस्तानातून आलेली हिंदू सिंधी कुटुंबे आहेत. त्यांचा मार्ग वेगळा आहे. अफगाणिस्तान, बांगलादेश, पाकिस्तानातले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती यांच्यासाठी एलटीव्हीची स्वतंत्र सोय आहे, आणि ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांना ११ मार्च २०२४ च्या नियमांनुसार नागरिकत्वाचा ऑनलाइन अर्ज करता येतो. या याद्यांमध्ये मुसलमान नाहीत. त्यांच्यापैकी छळातून सुटून आलेल्या माणसाला वरचीच लांब वाट चालावी लागते.

रोजच्या जगण्यातली मदत

शाळा: सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शिक्षण हक्क कायद्याने प्रवेश मिळतो. वयाचा पुरावा नाही म्हणून नाकारता येत नाही, हे त्याच कायद्याच्या कलम १४ मध्ये लिहिले आहे. शाळा आधारवर अडून बसली तर आधारबाबतचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल दाखवा; शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येत नाही.

दवाखाना: सरकारी रुग्णालयात उपचार घेता येतात. आधार किंवा रेशनकार्ड लागणाऱ्या विमा योजनांवर मात्र भिस्त ठेवू नका. युएनएचसीआरच्या कार्डावर आधार मिळत नाही, त्यामुळे बँक खाते आणि सिमकार्ड हीच रोजची डोकेदुखी होते.

जन्म: इथे जन्मलेल्या बाळाची नोंद २१ दिवसांत करा. जन्मदाखल्याने नागरिकत्व मिळत नाही, पण बाळ कुणाचे आणि कुठले याचा तो आयुष्यभराचा पुरावा असतो.

रोख मदत मोजक्यांनाच मिळते: एकट्या बाया, पालकांविना आलेली मुले, गंभीर आजारी, वृद्ध. समुपदेशन, भाषेचे वर्ग, व्यवसाय प्रशिक्षण सहयोगी संस्था देतात. पालकांविना मूल भेटले तर १०९८ वर फोन करा. जिल्ह्याची बाल कल्याण समिती त्याची काळजी घेण्यास बांधील आहे.

अटक: राज्यघटनेची कलमे १४ आणि २१ ‘व्यक्ती’ला लागू होतात, फक्त नागरिकाला नाही. पोलिसांनी धरले तर कार्ड दाखवा, युएनएचसीआरला कळवायला सांगा. महिला, मुले आणि कोठडीतल्या व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो; नंबर १५१००. १९९४ मध्ये युएनएचसीआरने मान्यता दिलेल्या एका इराणी निर्वासिताला इराणला परत पाठवता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले होते. २०२१ मध्ये मणिपूर उच्च न्यायालयाने म्यानमारच्या सात जणांना युएनएचसीआरकडे जाता यावे म्हणून दिल्लीपर्यंत सुरक्षित प्रवासाची मुभा दिली. वकिलांनी हे दोन्ही निकाल हाताशी ठेवावेत.

तिसऱ्या देशात जाणे

कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियाला पाठवा, असा अर्ज युएनएचसीआरकडे करता येत नाही. ज्यांना इथे राहणे विशेष धोक्याचे आहे, त्यांची निवड युएनएचसीआर करते, आणि शेवटचा शब्द त्या देशाचा असतो. अमेरिकेने आपला कार्यक्रम जानेवारी २०२५ मध्ये थांबवला. ‘पैसे द्या, नंबर लावतो’ म्हणणारा कुणीही भेटला तर तो फसवतो आहे, कारण नोंदणीपासून कार्डापर्यंत युएनएचसीआरची प्रत्येक सेवा मोफत आहे. परदेशी निवड झालीच, तर निघण्याआधी ई-एफआरआरओवर एक्झिट परमिटचा, म्हणजे देश सोडण्याच्या परवानगीचा, अर्ज करावा लागतो. मधल्या काळात व्हिसा संपलेला असेल तर इथे त्याचा हिशेब निघतो, आणि तेव्हा मुदतवाढीच्या अर्जाची जपून ठेवलेली ती जुनी पोच कामाला येते.