आगीनंतर घराची राहण्यायोग्यता

आग विझल्यावर घरात पुन्हा राहता येईल का, हे ठरवण्यासाठी केली जाणारी तपासणी. इमारतीचा सांगाडा, वीज व गॅसची जोडणी आणि आतली हवा या तिन्हींचा विचार तीत होतो. अग्निशमन दलाने आत जाऊ दिले, म्हणजे आग विझली आहे एवढेच कळते. मुक्कामाचा निर्णय त्यानंतरचा.

काळवंडलेल्या भिंती पाहून नुकसान जोखणे फसवे असते. धुराची काजळी आगीपासून लांबच्या खोल्यांतही बसते. उलट जिथे तापमान फार चढले तिथली काजळी जळून जाते आणि भिंत चक्क स्वच्छ दिसते. काँक्रीटचा रंग मात्र बोलका असतो. साधारण ३०० अंश सेल्सिअसला खडीतील लोहसंयुगांमुळे गुलाबी छटा येते, ६०० अंशांपुढे काँक्रीट करडे-पांढुरके पडते. गुलाबी झालेला थर कमकुवत धरतात. पण प्रत्येक खडीत ही छटा उमटत नाही, त्यामुळे ती नसली तरी निर्धास्त होता येत नाही. हातोडीने ठोकल्यावर खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला, पोपडे निघून सळ्या उघड्या पडल्या किंवा तुळई वाकली, तर स्ट्रक्चरल इंजिनीअर रिबाउंड हॅमर (पृष्ठभागावर आपटून उसळी मोजणारे उपकरण), अल्ट्रासॉनिक चाचणी (काँक्रीटमधून ध्वनिलहरी पाठवून) आणि काँक्रीटचे नमुने कापून ताकद तपासतो. तप्त पोलाद ५५० ते ६०० अंशांना निम्मी ताकद गमावते. थंड झाल्यावर त्यातली बरीच परत मिळते, पण किती, ते सळीच्या प्रकारावर अवलंबून असते. लाकडाचे याहून सोपे: कोळसा झालेला थर खरवडला की आतला गाभा बहुधा शाबूत निघतो. तापून फुगलेला स्लॅब भिंतींना बाहेर ढकलतो, म्हणून तडे आग न पोचलेल्या कोपऱ्यातही शोधावे लागतात.

वायरवरचे नेहमीचे पीव्हीसी या प्लास्टिकचे आवरण ७० अंशांपर्यंतच्याच वापरासाठी असते. शिवाय जळत्या पीव्हीसीतून निघणारा हायड्रोजन क्लोराइड वायू धातूचे जोड गंजवतो. आज चालणारा स्विच काही आठवड्यांनी दगा देऊ शकतो. वायरिंग तपासल्याशिवाय मेन स्विच चालू करत नाहीत. आच लागलेली गॅसची रबरी नळी आणि रेग्युलेटर बदलतातच.

आग विझवायला मारलेले पाणी हे वेगळेच संकट. भिजलेला छताचा गिलावा नंतर कोसळतो आणि २४ ते ४८ तासांत बुरशी धरू लागते. जुन्या घरात अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे फुटले असतील तर कोरडा झाडू मारणे घातक, कारण या खनिजाचे फुप्फुसांना घातक तंतू हवेत उडतात. वास गेला म्हणजे हवा शुद्ध झाली, असेही नाही. धुमसत्या गादीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो.

बहुमजली इमारतीत जळलेल्या घराच्या वरचे घर हमखास विसरले जाते. तिथे काजळीचा डागही नसेल, तरी त्याची जमीन म्हणजे खालून भाजलेला स्लॅब असतो. त्याची तपासणी होईपर्यंत तेही रिकामे ठेवावे लागते.